सुनेच्या मापाची काठी

रंगूबाईचा नवरा आकाराम दुसऱ्या महायुद्धातून परतला, तेव्हापासून ती त्याला दारातूनच उठवत आली होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, लांब काठीनं खाटेचा पाय वाजवायचा आणि मागं सरायचं. साताऱ्याकडच्या त्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं शेजारणीही तेच करत. जगातल्या सगळ्या बायका असंच करत असणार, अशी तिची समजूत. मग हे सुनेला काय सांगायचं? चुलीला जळण घालायचं असतं, हे का कुणी शिकवतं?

पण सून मनुबाई तासगावची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली. तिच्या माहेरी कुणी कधी बंदूक धरली नव्हती. एकाहत्तरच्या लढाईतून आलेला तिचा नवरा कृष्णात लग्नापासून रोज तिच्याआधी जागा असायचा. एका सकाळी तो पहिल्यांदाच गाढ झोपलेला दिसला. तिला कौतुक वाटलं. चहा घेऊन गेली आणि तिनं हळूच त्याच्या खांद्याला हात लावला.

डोळे उघडायच्या आत त्याच्या हातांनी तिचा गळा धरला होता. आकारामनं ओढून काढलं म्हणून पोरगी वाचली. कृष्णात भिंतीला टेकून ढसाढसा रडला. आपण काय केलं, हे त्याला दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

मनुबाईचा भाऊ लालासाहेब येऊन तिला घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आजार आसंल तर पाठवतो. माज आसंल तर न्हाई."

म्हणून सांगलीचे डॉक्टर. त्यांनी एका दिवसाची सगळी लघवी मागवली. लघवीचा डबा मांडीवर घेऊन मायलेकरं एसटीत बसली. कंडक्टर ओरडला, "राकेल न्यायचं न्हाई गाडीतनं!" फौजेत छाती काढून चालणारा पोरगा मान खाली घालून बसला. रंगूबाईला त्या कंडक्टरच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

डॉक्टरांनी समजावलं, "मूत्रपिंडांच्या वर दोन ग्रंथी असतात. धोका दिसला की त्यांतून रस सुटतात. छाती धडधडते, अंगात बळ येतं. धोका टळला की ते ओसरायला हवं. याचं ओसरत नसावं. म्हणजे उसाला पाणी पाजून झालं, तरी पाटाचं दारं उघडंच राहिलं. एक रस लघवीत मोजता येतो. तो वाढलेला निघेल."

तपासणीचा निकाल ऐकायला आकाराम, मनुबाई आणि लालासाहेबही आले. रस वाढलेला नव्हता. धडधाकट माणसापेक्षाही कमी भरला होता.

"कमी म्हणजे बरा, असं नाही," डॉक्टर घाईनं म्हणाले. "नाडी तर पळतेय. असं का, ते मलाही कळत नाही."

लालासाहेब उठला. "भ्याचा रस न्हाई. म्हंजे गळा धरला तो शुद्धीत धरला."

"आरं, झोपंतल्या फौजीला हात लावत्यात व्हय?" रंगूबाई कळवळून म्हणाली. "दारातनं काठीनं उठवायचं आस्तंय. समदीच उठवत्यात की!"

मनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. "आमच्यात न्हाई उठवत, आत्याबाई."

आकाराम खिडकीबाहेर बघत राहिला. इतकी वर्षं आपण असं का करतो, हे रंगूबाईला आज कळलं.

पुढच्या आठवड्यात आकारामनं वेळूची काठी तासली, सुनेच्या हाताला बसेल अशी. लढाईबद्दल घरात कधी चकार शब्द न काढणारा हा माणूस ती घेऊन एकटा तासगावला गेला. संध्याकाळी रंगूबाईनं लांबूनच पाहिलं, काठी त्याच्या हातातच होती.

"समदं सांगितलं तिला," तो पायरीवर टेकत म्हणाला. "माझं बी. लय रडली. म्हणली, मामंजी, काठीनं उठवायला शिकंन मी. पर त्येंच्या शेजारी झोपू कशी?"

रंगूबाईनं काठी घेतली आणि आपल्या काठीशेजारी उभी केली. कृष्णात पोटात राहिला, तेव्हापासून ती स्वतः चुलीपाशीच झोपत होती.