अजून ओढू नका

"ओढलंत?"

"ओढलं."

"कशाला?"

"हललं म्हणून."

ड्रायव्हरने रीळ गुंडाळलं. लाटांतून गळ वर आला, त्याला कोळंबीचं नुसतं डोकं लटकत होतं. फोल्डिंगच्या स्टुलावर बसलेल्या बायकोने ते पाहिलं आणि थर्मासमधून चहा ओतला.

"सकाळपासून ही पाचवी," शेजारी आपली काठी वाळूत रोवून बसलेला, गळाला लावायची कोळंबी विकणारा कोळंबीवाला म्हणाला. "ड्रायव्हरसाहेब, तुम्ही मासे पकडत नाही. त्यांना नाश्ता देता."

ड्रायव्हर त्रेसष्ट वर्षांचा होता. एकतीस वर्षं त्याने शहराची बस चालवली आणि त्यात एकही अपघात केला नाही. शेवटची एकोणीस वर्षं त्याच्याकडे किनाऱ्याचा मार्ग होता. काचेतून त्याला वाळूवरची माणसं दिसत. कुणाची तरी काठी वाकलेली असे, पण मासा बाहेर येईपर्यंत बस पुढे गेलेली असे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने काठी घेतली. त्याला तीन हंगाम झाले होते आणि जिताडा मासा एकही मिळाला नव्हता.

उद्या दहा वाजता ट्रक येणार होता. ड्रायव्हरचे गुडघे आणि तिसरा मजला यांचं पटेना, म्हणून मुलीने दोघांना आपल्याकडे बोलावलं होतं. तिच्या शहरात पाणी होतं ते नळाला, तेही एक दिवसाआड. म्हणजे आजची भरती शेवटची, आणि ती साडेनऊला संपणार होती. सकाळचे आठ वाजून गेले होते.

काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. कोळंबीवाल्याचा धडा त्याला तोंडपाठ होता. पहिली टकटक खेकड्याची नाहीतर चिल्लर माशांची, तिकडे लक्ष द्यायचं नाही. जिताडा आला की एकच ठोसा बसतो. तेव्हा त्याने कोळंबी तोंडात घेतलेली असते, पण गळ अजून कुठेच अडकलेला नसतो. मग तो वळतो आणि चालू लागतो. दोरी जड होत जाते, गर्दीत कुणी आपली पिशवी हळूच ओढावी तशी. तो वळला की गळ जबड्याच्या कोपऱ्यात येतो, आणि काठी उचलायची ती तेव्हाच.

पण हात ऐकत नव्हता. फुटपाथवरून मूल उतरायच्या आत ज्याचा पाय ब्रेकवर जात असे, त्याला थांबायला कोण शिकवणार? ज्या सवयीने रस्त्यावर माणसं वाचली, त्याच सवयीने इथे मासे वाचत होते.

"बघू तो गळ," बायको म्हणाली. ती सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं नर्स होती आणि किनाऱ्यावरही सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिने गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढलं. टोक नखात रुतलं नाही, घसरलं. "ही सुई मी पेशंटला लावली नसती."

कोळंबीवाल्याने आपल्या डबीतला नवा गळ दिला. सिस्टरने तो बांधला, जिवंत कोळंबी शेपटीतून ओवली आणि टोक उघडं ठेवलं. ड्रायव्हरने गळ फेकला. दोरीला बांधलेलं शिसं लाटेच्या मागे पडलं.

"माझ्याकडे द्या थोडा वेळ. तुम्ही बसा."

तिने काठी धरली आणि रिळाच्या वरची दोरी दोन बोटांवर घेतली.

"खेकडा," ती थोड्या वेळाने म्हणाली. मग, "हाही खेकडाच."

"तुला कसं कळतं?"

"घाबरट नाडी अशीच लागते. नुसती टुकटुक."

पावणेनऊ झाले. कोळंबीवाला आपल्या कोळंबीच्या डब्याला टेकून पेंगायला लागला होता. सिस्टरची बोटं एकदम ताठ झाली.

"अहो, या."

"तूच ओढ की."

"मी कशाला ओढू? धरा."

त्याने काठी घेतली. तिची बोटं दोरीवरच राहिली. ठोसा त्यालाही जाणवला, थेट कोपरापर्यंत.

"हललं."

"हलू द्या."

"अगं, जाईल."

"अजून ओढू नका."

त्याच्या मनगटाची शीर वर आली होती. आता झटका बसणार हे आवाजाने जागा झालेल्या कोळंबीवाल्याला बसल्या जागेवरून दिसलं.

"ड्रायव्हरसाहेब," तो अगदी हळू म्हणाला, "सिग्नल लाल आहे."

ड्रायव्हर थांबला. एकतीस वर्षांत त्याने लाल सिग्नल तोडला नव्हता. मागून हॉर्न वाजत असताना नाही, रिकाम्या चौकात नाही, आणि शेवटच्या फेरीला, घरी जेवण थांबलेलं असतानाही नाही. त्याचे खांदे खाली आले. तो समोर बघत राहिला. दोरी सैल पडली, पुन्हा सरळ झाली आणि उजवीकडे चालू लागली. ती जड झाली, आणखी जड झाली.

सिस्टरने बोटं काढून घेतली. "हिरवा."

त्याने झटका दिला नाही. गाडी स्टॉपवरून काढावी तशी काठी सावकाश उचलली, आणि ती मुठीपर्यंत वाकली. दूर पाण्यावर चंदेरी काहीतरी उसळलं.

पुढची दहा मिनिटं तिघंही एकाच वेळी बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. मग लाटेबरोबर जिताडा वाळूवर आला. तीन किलोंच्या खाली नक्की नव्हता. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसला होता.

ड्रायव्हर त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. "आता काय करायचं?" त्याने विचारलं. धड्यात याच्या पुढचं काही नव्हतं.

घरी आल्यावर कळलं की पातेलं, सुरी, ताटं सगळं बांधून झालं आहे. 'स्वयंपाकघर' असं लिहिलेली पाच खोकी भिंतीला ओळीने लागली होती.

"देऊन टाकू या कुणाला तरी," सिस्टर म्हणाली.

ड्रायव्हरने पहिल्या खोक्याची चिकटपट्टी फाडली. तवा चौथ्यात सापडला, मीठ पाचव्यात.

दोघं खोक्यांवर समोरासमोर बसून जेवत असताना मुलीचा फोन आला. सिस्टरने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, पॅकिंग झालं का सगळं?"

"झालं होतं," ड्रायव्हर म्हणाला. "मग पुन्हा सोडलं."

"आता? कशासाठी?"

"जेवायला," तो म्हणाला, आणि आणखी एक तुकडा बायकोच्या ताटात सरकवला. मधला काटा डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा निघाला होता. त्याने तो दोन्ही हातांनी उचलून बंद खोक्याच्या झाकणावर ठेवला. ताटं धुऊन झाली, पट्ट्या पुन्हा चिकटवून झाल्या, तरी काटा टाकायला कुणी उठलं नाही.