पडद्याची काळी पाठ

मांजरपाटाचे पाच पन्हे, त्यांना जोडणाऱ्या चार शिवणी, कडेनं ओवलेल्या चौतीस पितळी कड्या, वर एक बांबू, खाली एक बांबू आणि डाव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी विडीनं पडलेलं वाटाण्याएवढं भोक. मित्रांनो, एवढं सगळं मिळून माझ्यासारखा एक सिनेमाचा पडदा होतो. जुन्या वस्तू आपली हकीकत सांगताना हळहळतात. मी हळहळणार नाही. मला राग आलेला आहे.

माझा कापूस कुठल्या शेतातला होता ते मला ठाऊक नाही. जवळा बाजारच्या शिंप्यानं मला शिवलं आणि उकंडरावांनी विकत घेतलं. उकंडरावांची स्वतःची टुरिंग टॉकीज होती. एक तंबू, एक मशीन, एक भोंगा. डोंगरकड्याला, सिद्धेश्वरला, जिथं बाजार भरेल किंवा जत्रा असेल तिथं ते तंबू ठोकत. वसराम नावाचा तांड्यावरचा गडी मला बांधायचा. शिवणीला ताण पडणार नाही अशा बेतानं तो दोर ओढायचा, आणि खेळ संपला की माझी घडी आपल्या घोंगडीत गुंडाळायचा. लोक म्हणत, काय पांढराशुभ्र पडदा आहे. मला बरं वाटायचं. मी तेव्हा नवा होतो.

मला तंबूच्या टोकाला बांधत नसत, मधोमध बांधत. कापडावर उजेड पडला की त्यातला काही परत फिरतो आणि काही आरपार जातो. म्हणून चित्र माझ्या पुढेही दिसतं आणि मागेही. मागे जरा फिकट दिसतं आणि डाव्याचं उजवं होतं, इतकंच. दोन्ही बाजूंना माणसं बसवली की तंबू दुप्पट भरतो, हा उकंडरावांचा हिशेब.

पण कोणी कुठं बसायचं? पुढे गाव बसायचं. मागे बौद्धवाड्यातली माणसं आणि तांड्यावरची माणसं. तिकीट दोन्हीकडे सारखंच. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर कोणाला तरी पकडता आलं असतं. कनातीच्या दारात उभा असलेला माणूस तोंडाकडे बघायचा आणि हात करायचा, "तिकडून." बस.

मागची माणसं तरीही हसायची. हिंदी सिनेमातला नायक मागून डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं मारामारी करायचा. तांड्यावरची जिवनबाई म्हणायची, "आमचा हिरो डावखुरा हाय. म्हणून तर जोरात हाणतो." गाणी कानांनी ऐकायची, मारामारी डोळ्यांनी बघायची. उन्हाळ्यात वसराम माझ्यावर पाणी शिंपडायचा. ओल्या कापडातून उजेड जास्त आरपार जातो, मागच्यांना चित्र ठळक दिसतं. पुढे तेवढंच फिकट होतं. एकदा ग्यानोबा अडत्यांच्या ते लक्षात आलं. कापसाचे मोठे व्यापारी, पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची ठरलेली. त्यांनी तक्रार केली आणि माझं पाणी बंद झालं.

मग १९७४ चा उन्हाळा आला. नवे हिंदी खेळ पक्क्या थेटरांना मिळत, उकंडरावांच्या वाट्याला झिजलेली रिळं येत. तेव्हा जिल्ह्याच्या गावच्या एका फिल्म सोसायटीनं त्यांना आशियातले नवे सिनेमे देऊ केले: एक लंकेचा, एक इराणचा, एक जपानचा. जवळा बाजारला प्रत्येकी तीन दिवस दाखवायचे. बोलणं त्या त्या देशाच्या भाषेत आणि खाली हिंदीत छापलेली ओळ. उकंडराव म्हणाले, "चालंल. लोकायला हलतं चित्र पायजे."

लंकेचा गेला, इराणचा गेला, जपानी लागला. डोंगरातलं एक गाव धरणात जाणार असतं, त्याची ती गोष्ट होती. लोक घरांची दारं उतरवून खांद्यावर घेऊन निघतात. एक म्हातारी मात्र निघत नाही. शेवटी पाणी तिच्या अंगणात येतं, साहेब तिला न्यायला होडी घेऊन येतो, आणि ती त्याला काहीतरी सांगते. एकच वाक्य. मग होडीत बसते. खेळ संपतो.

पहिल्या दिवशी माझ्या मागे सोजराबाई बसली होती. बौद्धवाड्यातली, चाळिशीची, अडत्यांच्या आवारात कापूस निवडणारी. तिचं गाव पूर्णेवरच्या धरणात गेलेलं. त्या गावातून तीही डोक्यावर दाराची फळी घेऊनच निघाली होती. विहारातल्या वर्गात ती दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकली होती. म्हातारी बोलली तेव्हा सोजराबाई उठून उभी राहिली. अक्षरं तिच्या समोर होती, ओळखीची होती आणि उलटी होती. दोन शब्द जुळवीपर्यंत ओळ निघून गेली.

"काय म्हणली ती?" तिनं आजूबाजूला विचारलं.

"आपल्याला काय ठावं?" जिवनबाई म्हणाली. "जपानी बाई जपानीत बोलली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कापूस निवडता निवडता ग्यानोबांना विचारलं, "मालक, काल ती म्हातारी साहेबाला काय म्हणली?"

"तुला काय करायचंय? बोंडं नीट निवड."

मी सांगतो, मित्रांनो. ती ओळ माझ्यावर होती तेव्हा ग्यानोबा खाली मान घालून तंबाखू मळत होते.

सोजराबाईचा नवरा आरशासमोर दाढी करायचा तेव्हा मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आरशात उलटं दिसायचं. तिनं सरळ विचार केला: सुलटं आरशात उलटं दिसतं, तर उलटं सुलटं दिसायलाच पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला ती वीतभर आरसा पदराखाली घेऊन आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"माझ्या काचळीवर बघ किती आरसे हायत," जिवनबाई आपल्या चोळीला हात लावून म्हणाली, "पर येकात बी अक्षर मावंना. तू वाच, माय."

सोजराबाईनं वाचायला सुरुवात केली. आधी हिंदी ओळ, मग आपल्या बोलीत तिचा अर्थ. मागची माणसं सरकत तिच्याजवळ आली. थोड्या वेळानं माझ्या पुढची कुजबुजही थांबली, कारण पुढच्यांतल्या निम्म्यांना अक्षर येत नव्हतं आणि उरलेल्यांना तेवढ्या वेगानं वाचता येत नव्हतं. पुढून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं वाच की बाई, भोंग्याजवळ काही कळंना." तिनं आवाज चढवला. मी दोन्हीकडे सारखा थरथरत होतो. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं एकाच वेळी हसत होती आणि एकाच वेळी गप्प होत होती.

एकच मशीन असल्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबायचा. शेवटच्या रिळाआधी तो थांबला तेव्हा ग्यानोबा उठले.

"उकंडराव, आता पडद्यामागच्या बाईनं आमाला शिकवायचं काय?"

"शिकवून न्हाई राहिली ती, वाचून राहिली," मागून कोणीतरी बोललं.

उकंडराव मागे आले. त्यांनी सोजराबाईच्या हातातून आरसा घेतला, तिकिटाच्या पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. "खेळ संपला की घेऊन जा," म्हणाले. म्हातारीची ओळ आली आणि गेली. सोजराबाईला ती त्या दिवशीही कळली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वसरामनं मला जमिनीवर पालथा घातला. शेजारी घमेल्यात काजळी आणि सरस कालवलेला होता. उकंडराव म्हणाले, "पूर्ण पाठ काळी कर. पुढच्यायला चित्र झकास दिसंल."

वसराम कुंचा हातात धरून बसला. "मालक, मग आमी कुठं बसावं?"

"तू काम कर."

त्यानं केलं. त्याला घर होतं, लेकरं होती. कुंच्याचा एकेक फराटा मला अजून जाणवतो. रंग वाळला तसा मी ताठ झालो. मला फाडलं असतं तर मी मुकाट्यानं शिवून घेतलं असतं. पण उजेड आरपार जाऊ देणं हा माझ्यातला गुण होता, तो मी कोणाकडून उसना घेतलेला नव्हता. त्यांनी तो मारला, आणि कशासाठी? एका बाईला एक ओळ वाचता येऊ नये म्हणून. मला घाण करणारी माणसं मी खूप पाहिली, पान थुंकणारी, विडी टेकवणारी. त्यांचा मला राग नाही. हे काम विचार करून केलेलं होतं.

पुढे काय झालं तेही आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही गोड शेवटाची वाट पाहत बसणार नाही. त्या हंगामात ग्यानोबांनी बौद्धवाड्यातल्या एकाही बाईला कापूस निवडायला बोलावलं नाही. उकंडरावांनी वसरामला काढून टाकलं. पुढल्या वर्षी टॉकीज बंद पडली आणि तेव्हापासून मी एका गोदामात ज्वारीच्या पोत्यांवर अंथरलेला आहे.

माझ्यासारखे जुने लोक शेवटी विनवणी करतात: आम्हाला धुवा, घडी घाला, जपून ठेवा. मी तसं काही मागत नाही. पोत्यांवर मी बरा आहे. मागायचंच तर एवढं मागतो, मित्रांनो, की कुठंही खेळ पाहायला बसलात, कसलाही खेळ, तर एकदा उठा आणि पडद्याच्या मागे जाऊन पाहून या. तिथं कोणी बसलेलं असेल तर परत येऊन गुमान खुर्चीत बसू नका.

आता तो तिसरा दिवस.

सोजराबाईनं तिकीट काढलं आणि नेहमीच्या वाटेनं मागे गेली. तिच्याबरोबर मागची सगळी माणसं होती. समोर काळी भिंत. पुढे मशीन सुरू झालं, भोंगा वाजू लागला, आणि इकडे काहीच दिसेना. ती सगळ्यांना घेऊन, कनातीला वळसा घालून दारात उकंडरावांसमोर आली.

"मालक, तिकीट तुमी फाडलं. आता दाखवा, कुठून दिसतं ते."

"मागंच बसा. आवाज येतो की."

"जपानी ऐकत बसू मी?"

तिच्यामागची माणसं हसली. उकंडराव हसले नाहीत. त्यांनी हात आडवा धरला. वसराम माझ्या दोराजवळ उभा होता. तो दारापाशी आला आणि कनातीची दोरी सोडून त्यानं कापड वर धरलं. सोजराबाई खाली वाकून आत आली, तिच्यामागे जिवनबाई, त्यांच्यामागे बाकीची सगळी. मोकळी जमीन होती तिथं, पुढच्या लोकांच्या शेजारी, ती बसली.

"हे चालून राहिलं काय, उकंडराव?" ग्यानोबा उभे राहिले.

"चालू द्या की," त्यांच्या मागच्या रांगेतला एक शेतकरी म्हणाला. "काल तिच्यामुळंच कळलं. मला तर अक्षर येत न्हाई, तुमी वाचून दाखवता काय?"

ग्यानोबांनी खुर्ची सरकवली आणि ते निघाले. काही माणसं त्यांच्याबरोबर उठली. उकंडराव जाणाऱ्यांच्या आणि बसलेल्यांच्या मधे उभे राहिले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे, आणि मशीन बंद करायला कोणाला सांगितलं नाही.

सोजराबाईनं पहिल्यापासून वाचलं. आरशाची आता गरज नव्हती. शेवटच्या रिळात पाणी अंगणात आलं, होडी आली, म्हातारी बोलली. ओळ माझ्यावर सुलटी उमटली.

"नक्शे में पानी के नीचे हमारे गाँव का नाम भी लिखना," सोजराबाईनं वाचलं. जिवनबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"ती म्हणती," सोजराबाई म्हणाली, "नकाशात नुसतं पाणी दाखवू नका. पाण्याखाली आमच्या गावाचं नाव बी लिवा."

त्या दिवशी तंबूत एकशे अठ्ठ्याण्णव माणसं आली. ग्यानोबांसह सत्तावीस उठून गेली. एकशे एकाहत्तर शेवटपर्यंत माझ्या पुढे बसून होती. मागे कोणी नव्हतं.