सुरुंगाचा एक सेकंद

घोटावड्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कडेने सात घरांची वस्ती आहे. समोरच्या दगडखाणीत रोज दुपारी सुरुंग उडायचा आणि तानुबाईच्या भिंतीची चीर थोडी वाढायची. येत्या पावसाळ्यात ती भिंत उभी राहणार नव्हती. तानुबाई तक्रार घेऊन गेली की खाणीचा मॅनेजर शेखर फाटकावरचा फलक दाखवायचा : ‘वस्तीचे अंतर ५२० मीटर.’ खाण वस्तीपासून किमान पाचशे मीटर लांब हवी, असा नियम होता.

“मावशे, मातीची भिंत ती. तू शिंकलीस तरी तडकंल.”

तानुबाईची मुलगी प्रियंका नववीत होती. समोरच्या उतारावर कुणी लाकूड फोडत असलं, की कुऱ्हाड आधी पडलेली दिसते आणि ठोका मागून ऐकू येतो, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. शाळेत त्याचं कारण कळलं. उजेड पोचायला जणू वेळच लागत नाही. आवाजाला मात्र हवेतून वाट काढावी लागते. हवेचा एक थर पुढच्याला ढकलतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि हा धक्का सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर सरकतो.

आठ दिवस ती मोबाइल घेऊन दारात बसली. दगड उडालेले दिसले की बटण दाबायचं, धडाका ऐकू आला की पुन्हा दाबायचं. रोज एकच सेकंद भरायचा, म्हणजे तीनशे चाळीस मीटर. तिने वहीत रोजचा आकडा लिहिला.

“फलक खोटा हाय, आये.”

तक्रारीवरून खाणीच्या तपासणीला सरकारी साहेब आले तेव्हा तिने ती वही पुढे केली. शेखर हसला.

“अंतर कानानं मोजतीस व्हय? मग वजन नाकानं करत असशील.”

साहेबांनी यंत्र लावलं. तीनशे सेहेचाळीस मीटर. “पोरगी हुशार आहे,” ते म्हणाले आणि आकडा लिहून घेतला.

महिन्याभराने शेखर स्वतः सरकारी नोटीस घेऊन वस्तीवर आला. “हुशार हायेस ना, मग तूच वाच सगळ्यांना.”

प्रियंकाने वाचलं. सातही घरं धोक्याच्या हद्दीत येतात, पंधरा दिवसांत रिकामी करावीत.

“आन् खाण?” तानुबाईने विचारलं.

“खाणीला परवाना हाय. तुमच्या घरांचा कागद कुटंय?”

खाणीतच दगड फोडणारा शेजारचा धाकलू प्रियंकाकडे न बघता म्हणाला, “पाश्शेवीसच बरं व्हतं.” त्या दिवसापासून वस्तीत तिच्याशी कुणी बोलेना.

चौथ्या दिवशी तानुबाईने मोबाइल तिच्या हातात दिला. “परत मोज. धडाका झाल्यावर जरा थांबून दाब.”

“आये, त्यानं अंतर बदलत न्हाई.”

“दाब म्हणते ना.”

दगड उडाले, धडाका झाला. प्रियंका थांबली, मग तिने बटण दाबलं. एक पूर्णांक सहा सेकंद. तिने कागदावर लिहिलं : पाचशे चव्वेचाळीस मीटर. तानुबाईने तो कागद मुठीत धरला आणि धावतच खाणीवर गेली.

शेखरने तो नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

“सामान न्यायला टेम्पो लागंल का डोक्यावरच नेताय?”