दाजीबुवांची काळी गोळी

ओवे गावात गुरुवारी दाजीबुवांच्या मठाबाहेर रिक्षा उभी करायला जागा नसे. लंगडत आलेली माणसं तासाभरात ताठ चालत बाहेर पडत. बुवा वाटाण्याएवढी काळी गोळी भक्ताच्या जिभेवर ठेवत आणि गर्जत, "डॉक्टर हाडं कापतो, मी दुखणंच कापतो!"

विनिता कळंबोलीत औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्या सासूबाईंचे, भामाबाईंचे, गुडघे या गोळीने खरंच दुखायचे थांबले होते. पण विनिताच्या मनात पाल चुकचुकली. सासूबाई दिवसभर पेंगत, पोट साफ होत नसे आणि डोळ्यांतल्या बाहुल्या घरातल्या अंधुक उजेडातही टाचणीच्या टोकाएवढ्या! तिने एक गोळी गुपचूप काढून ठेवली.

मग बुवा आठवडाभर बाहेरगावी गेले. गोळ्या संपल्या आणि दुसऱ्याच दिवशी भामाबाईंना दरदरून घाम फुटला, नाक गळू लागलं, पोटात कळा आल्या.

"देव कोपला गो! मना गोली आन!"

"आई, हा कोप नाही. नशा तुटल्याची लक्षणं आहेत ही."

डॉक्टरांनीही तेच सांगून उपचार सुरू केले. विनिता गोळी घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

पुढच्या गुरुवारी भरल्या मठात पोलीस निरीक्षक निशा मोकल आल्या; गर्दीत विनिता आणि भामाबाईही होत्या.

"हिमालयातली दिव्य वनस्पती आहे ती!" बुवा कडाडले.

मोकलबाईंनी मठातल्या सगळ्या गोळ्या वजनकाट्यावर ठेवल्या आणि एका गोळीचा कण तपासणीच्या नळीत टाकला. रंग पालटला. "अफू आहे. सगळ्या गोळ्यांचं वजन चारशे ग्रॅम."

"चारशे कशी? निम्मा तर गूल हाय त्यान!" बुवांची दिव्य भाषा गळून पडली.

"गूळ असला तरी कायदा मिश्रणाचं सगळं वजन धरतो, बुवा. अफू पंचवीस ग्रॅमपर्यंत असेल तर वर्षभरापर्यंत कैद. अडीच किलोच्या पुढे दहा ते वीस वर्षं. तुम्ही मधले. दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड."

भामाबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. "मनापन नेतील?"

"नाही, आई. स्वतःहून उपचार घेणाऱ्याला कायद्यात संरक्षण आहे."

"पन माजं गुडघं बरं झालेलं ना?" मागून एकाने विचारलं.

"बरे नाही झाले, दादा. झीज चालूच होती. अफूने फक्त ती कळू दिली नाही," विनिता म्हणाली. "यापुढे कुणीही गोळी दिली, तर आधी विचारा, यात काय आहे? जो सांगत नाही, त्याच्यापुढे तोंड उघडू नका."