अर्धोच बरो

दत्तप्रसादाला कॅन्सर झाला आणि मला त्याचा हेवा वाटायला लागला. लाज वाटते. पण आहे ते आहे.

आमच्या आचरे गावात त्याच्यासाठी पटापट पैसे जमले. क्रिकेटवाल्यांनी मॅच लावली, मुंबईकरांनी मोबाईलवरून पाठवले. त्याच्या घरी रोज कोणीतरी शहाळी घेऊन हजर. मी शाळेत असताना मला ब्लड कॅन्सर झालेला, तेव्हा माझंही असंच झालं होतं. मग मी बरा झालो. बरा झालेल्याला शहाळं कोण देतं?

कॅन्सरच्या त्या औषधांनी माझा खुबा गेला. बदलायचाय. विमावाले जुना आजार ऐकून फोन ठेवतात. काजूच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं काम, ते सुटलं. आईच्या बांगड्या तेव्हा गहाण गेल्या त्या गेल्याच.

सोमवारी सकाळी देवळात दत्तप्रसाद बरा व्हावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. हरिश्चंद्रकाका आमचे गावकर, देवळातले मानकरी. देवाशी ते बोलणार, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार. काकांनी मला पुढे ओढलं.

"निलेश, नारळ तू धर. तू बरो झालेलो माणूस. तुझ्या हाताक गुण आसा."

"काका, माका उभ्यान रवाक जमाचा नाय."

"आत्ताच म्हातारो झालंस काय रे?"

सगळे हसले. दत्तप्रसादाला मात्र खुर्ची होती. प्लॅस्टिकची, लाल. मला त्या खुर्चीचाही हेवा वाटला.

"बा देवा म्हाराजा! जसो ह्या निलेशाक बरो केलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"तसोच ह्या दत्तप्रसादाक बरो कर!"

"व्हय म्हाराजा!"

खुब्यात कळ आली आणि तोंडातून निघूनच गेलं, "देवा म्हाराजा, माका तू अर्धोच बरो केलंस! खुबो बदलूक पैसे नाय. ता काय ता बघ!"

सगळे काकांकडे बघायला लागले. गावकराच्या मध्ये कोणी बोलत नाही आमच्याकडे. आई खांबाआड गेली.

मग खुर्ची सरकली. दत्तप्रसाद उठला. डोक्यावर एक केस नाही.

"व्हय म्हाराजा," तो एकटाच म्हणाला. मग काकांकडे बघून, जोरात, "व्हय म्हाराजा! काका, म्हणा मा. माझाय उद्या ह्याच होतला."

काका खाकरले. "व्हय म्हाराजा," पुटपुटले. मग मागून चार-पाच आवाज आले. सगळे नाही.

दत्तप्रसादाने खुर्ची माझ्याकडे ढकलली. "बस रे."

मी बसलो. तो शेजारी उभा राहिला, दोन्ही पायांवर सरळ. मला त्याचाही हेवा वाटला.