मुका पट्टा

जेवणानंतरचं सत्र, म्हणजे अर्ध्या सभागृहाच्या डोळ्यांवर झापड. कंप, प्रकाश, आवाज, चुंबक यांनी शरीरात काय होतं, यावर सकाळपासून विद्वान मंडळी बोलत होती. थरथरबाईची पाळी आली तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ चक्क घोरत होते.

थरथरबाई हे नाव प्रयोगशाळेतल्यांनी ठेवलेलं. गुडघेदुखीवर कंप देणारा पट्टा बनवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कंप इतका बारीक की कातडीला कळतसुद्धा नाही. पारख करायची म्हणून निम्म्या रुग्णांना खरा पट्टा दिला, निम्म्यांना मुका. बाहेरून दोन्ही सारखेच; मुक्यातही दिवा लागायचा, घूं असा आवाज यायचा, पण कंप देणारं आत काहीच नसायचं.

आज तिने निकाल सांगितला. खऱ्या पट्ट्याने जेवढं बरं वाटलं, तेवढंच मुक्याने. टाळ्या पडल्या, त्याही उपकार केल्यासारख्या.

"म्हणजे सगळं मुसळ केरात?" चहाच्या वेळी जाड्या म्हणाला. हा तिचा जुना सहकारी.

"केरात तर केरात. घसा सुकलाय, चहा दे."

"तो पट्टा तरी दाखव. बघू, कोणी तुझं तारुण्य खाल्लं."

पिशवीतला पट्टा आईचा होता. प्रयोगशाळेतले सगळे मोहोरबंद, म्हणून निघताना तिने घरातला उचलला होता. प्रयोगशाळेच्या कपाटात पडून राहिलेला तो पट्टा तिने आईला दिला, त्याला दोन हिवाळे झाले. आईच्या वाकड्या बोटांना बक्कल लागत नसे, म्हणून रोज संध्याकाळी तीच बांधायची. तेव्हापासून आई काठीशिवाय जिना उतरत होती. निकाल काही का लागेना, आईचा गुडघा तरी आपण बरा केला, एवढाच धीर तिला आज होता.

जाड्याने पट्टा चालू करून शेजारच्या टेबलावर प्रदर्शनाला मांडलेल्या कंपमापकावर ठेवला. काटा जागचा हलला नाही.

"अगं, हा मुका आहे!"

ती खुर्चीत बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"माझं यंत्र कधी आणतेस?" आई. "तू नेल्यापासून गुडघा धरलाय. जिन्याकडे बघवत नाही. तुझ्या मोठ्या लोकांना म्हणावं, द्या आता म्हातारीचं."

"उद्या आणते," म्हणून तिने फोन ठेवला.

"खरा नेऊन बांध," जाड्या म्हणाला.

"खऱ्याने तरी काय होतंय? आत्ताच नाही का सांगून आले?"

"मग हाच बांध आणि गप्प बस."

"सभागृहाला खरं सांगायचं आणि आईला खोटं?"

"सभागृहाला गुडघे नसतात, बाई."

दुसऱ्या दिवशी घरी पोचली तर आई पाय स्टुलावर ठेवून तयारच. तिने पट्टा बांधला. दिवा लागला, घूं सुरू झालं. आईने डोळे मिटले, कपाळावरची आठी सैल झाली. आता बोलू नये, असं तिला फार वाटलं.

"आई, याच्या आत काही नाही गं. नुसता दिवा आणि आवाज."

आईने डोळे उघडले.

"मग मी जिना उतरत होते तो?"

"तुझी तूच."

"एवढं शिकलीस आणि आईला दिवा बांधत बसलीस? काढ तो!"

तिने काढला. सकाळी जिन्यावर काठीचा आवाज आला, एकेका पायरीवर थांबत. ती अंथरुणात पडून ऐकत राहिली. खरं बोलल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही.

संध्याकाळी ती कामावरून परतली. चपला काढते न काढते तोच आईने पाय स्टुलावर ठेवला. पट्टा मांडीवर.

"बांध."

"अगं, पण काल मी..."

"कळलंय मला, बहिरी नाही मी. बांध म्हणते ना."

ती खाली बसली. बसताना तिचेच गुडघे कटकन वाजले. बक्कल लावलं, बटण दाबलं.

आईने थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"आवाज जरा मोठा होतो का बघ."