वरची वायर, खालची वायर

दोघी सख्ख्या बहिणी एकाच हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायच्या, आणि वर्षभर एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या. धाकटीने आपल्या मनाने लग्न केलं, ताई लग्नाला फिरकली नाही, झालं! वरचे मजले ताईकडे, खालचे धाकटीकडे. काम अडलं तर निरोप रिसेप्शनवालीमार्फत. शोभतं का हे?

त्या दुपारी सगळं नेटवर्क बसलं. एक्स-रे खाली काढलेला, पण फोटो वर ऑपरेशनच्या खोलीत पोचेना. डॉक्टर ताटकळलेले. धाकटी लॅपटॉप घेऊन खालच्या स्विचपाशी माग काढायला बसली. स्विच म्हणजे वायरींचा नाका. कोणतं मशीन कोणत्या वायरीवर आहे हे तो लक्षात ठेवतो. एक्स-रेचं मशीन कुठे म्हणून विचारलं, तर घडीत म्हणे खालीच, घडीत म्हणे वरून आलं. म्हणजे फोटो एका वायरीने वर चढत होता, दुसरीने खाली उतरत होता. नुसती गरगर.

एक वायर तिला ठाऊक होती. मजल्यांमधली जुनी वायर उंदरांनी कुरतडलेली. ती तुटली तर ताई बोलणी खाईल म्हणून काल, ताई जागेवर नसताना, धाकटीने गुपचूप नवी टाकली आणि जुनीचं खालचं टोक काढून ठेवलं. रुसवा रुसव्याच्या जागी, पण जीव तुटायचाच. मग ही दुसरी कुणाची?

दुसरी वायर हाताने चाचपत ती जिना चढली. वर ताई तोच माग काढत उकिडवी बसली होती.

"ही तू टाकलीस?" धाकटीने विचारलं.

"मघाशी, तू जेवायला गेलीस तेव्हा. जुनीचं वरचं टोक काढून ही लावली. जुनी तुटली असती तर साहेब तुझ्यावर उखडले असते." ताईने जुडग्यातली एक वायर ओढून दाखवली. "आणि ही?"

"माझी."

दोघी वेड्या. एकीने जरी तोंड उघडलं असतं, तर एकाच वायरीत काम भागलं असतं.

धाकटीने आपली वायर उपटली. थोड्या वेळाने नर्स फोटो आल्याचं सांगून गेली.

"बरा आहे का गं तुझा नवरा?" ताईने खाली बघत विचारलं.

"बरा आहे. ताई कधी येणार म्हणून विचारत असतो. मी काय सांगायचं त्याला?"

 ताईने धाकटीचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.